मंडळाचा जुना संगणक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त बस्सी येथे झालेल्या सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण चिटणीसांनी मला दिले, तेव्हा माझ्याकडून संतवाङ्मयावर अथवा मराठ्यांच्या इतिहासावर काही ऐकावयास मिळेल, अशी त्यांची समजूत असावी. इतिहास हा विषय घेऊन मी बी. ए. झालो आणि पुढील सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायली पाहण्यात गेली. यंत्रविद्येशी माझा संबंध पंख्याचे बटण दाबण्यापलीकडे फारसा आला नाही. तरीही आज मी बोलणार आहे ते मंडळाच्या कार्यालयात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या काळ्या संगणकाविषयी. विषय हलका वाटला तर क्षमा असावी. परंतु आपल्या पन्नास वर्षांपैकी निदान निम्म्या वर्षांचे कागद त्या पेटीत आहेत, आणि ती पेटी आपण जवळजवळ भंगारवाल्याच्या हवाली केली होती, हे आपणांस ठाऊक असावे असे मला वाटते.

२०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या थोडे आधी, कार्यकारिणीपुढे एक ठराव आला : मंडळाचा संगणक कालबाह्य झाला असल्याने तो भंगारात काढावा व नवीन घ्यावा. ठरावास सूचक होते, अनुमोदक होते, आणि खरे सांगावयाचे तर हात वर करणाऱ्यांत मीही होतो. हा संगणक २०१३ साली एका सभासदाने देणगी म्हणून दिलेला. सुरू करावा, आत जाऊन चहाचे आधण ठेवावे, चहा गाळून बाहेर यावे, तोवर तो जेमतेम जागा झालेला असे. जयपूरच्या एका दुकानदाराने त्याकडे एकवार पाहिले आणि “साब, इस पर नया विंडोज नहीं चलेगा” एवढ्या एका वाक्यात निकाल दिला.

सरकारी नोकरीत वस्तू निकामी ठरविण्याची प्रपत्रे मी पुष्कळ भरली आहेत. त्या प्रपत्रात ‘कारण’ असा एक रकाना असतो व तेथे नुसते ‘जुना झाला’ असे लिहून चालत नाही. लेखापरीक्षक ते परत पाठवितो. घरी आल्यावर माझ्या मनात तोच रकाना घोळू लागला. या यंत्राचे नेमके काय बिघडले आहे? चौकशी केली तेव्हा कळले ते असे. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली. तिच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि इच्छा असणाऱ्यांसाठी आणखी एका वर्षाची वाढीव सोय जाहीर झाली. पुढील प्रणाली, म्हणजे विंडोज ११, ही २०२१ ची. इंटेलच्या प्रक्रियकांपैकी साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचे प्रक्रियकच तिला मान्य आहेत, आणि टीपीएम नावाची सुरक्षेची एक सोय तिच्या दुसऱ्या आवृत्तीत यंत्रात असावी लागते. आपला प्रक्रियक तिसऱ्या पिढीचा. दहा वर्षे दुरुस्त्या पुरविल्या हे काही थोडे नव्हे, तेव्हा कंपनीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या रकान्यात लिहिण्याजोगे कारण मात्र मला सापडेना. यंत्र मोडलेले नव्हते.

ठराव संमत झाल्यानंतर चार दिवसांनी मंडळाच्या एक ज्येष्ठ भगिनी मला बाजारात भेटल्या. त्यांचे यजमान आपल्या मंडळाच्या आरंभीच्या काळातले. काही वर्षांपूर्वी ते निवर्तले. रौप्यमहोत्सवाच्या वेळी, म्हणजे २००१ साली, त्यांनी आपल्या आठवणी स्वतः टंकलिखित केल्या होत्या. अंकात त्यातील दोन पानेच आली. बाकीचे संगणकात राहिले, आणि जुन्या संगणकावरून या संगणकावर उतरविले गेले. वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारले, “भाऊ, तो कॉम्प्युटर विकताय म्हणे. यांनी लिहिलेलं त्यात असेल ना हो अजून?”

“बघून सांगतो, वहिनी,” एवढेच मी म्हणालो. हात वर केला होता त्याची मला त्या क्षणी शरम वाटली.

त्याच संध्याकाळी मी संगणक सुरू करावयास गेलो, तर तो सुरू होईना. आतून घड्याळासारखी टक् टक् येई आणि पडदा काळाच राही. आपल्या मंडळात गलाईच्या व्यवसायानिमित्त आटपाडी-खानापूरकडून राजस्थानात आलेली जी कुटुंबे आहेत, त्यांतील एक कन्या जयपूरला संगणकशास्त्र शिकते. तिला बोलावले. तिने कान लावून तो आवाज ऐकला व मला हात लावू दिला नाही. “काका, डिस्क जातेय. आता यात काही बसवायचं नाही. आधी आतलं बाहेर काढून घ्यायचं.” आज येथे जमलेल्यांपैकी ज्यांच्या घरी जुने संगणक आहेत, त्यांनी बाकी सारे विसरले तरी हे तिचे वाक्य लक्षात ठेवावे. यंत्र सुधारण्याच्या उत्साहात आतला मजकूर गमावल्याची उदाहरणे घरोघर आहेत.

तिच्याजवळ बोटाएवढा एक पेनड्राइव्ह होता आणि त्यात लिनक्स ही संपूर्ण प्रणाली होती. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कला न विचारता तो त्या पेनड्राइव्हवरूनच चालू झाला. त्यात डीडीरेस्क्यू नावाचे एक साधन आहे, त्याची रीत मला फार शहाणपणाची वाटली. मरू घातलेल्या डिस्कचा जो भाग सुरळीत वाचता येतो तो ते आधी उतरवून घेते. जेथे अडते तेथे हट्ट न धरता खूण करून पुढे जाते. आणि सारे चांगले हाती आल्यावर मग त्या खुणांकडे परतून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कोणता भाग झाला व कोणता राहिला याची नोंदवही ते स्वतः ठेवते, म्हणजे मध्येच वीज गेली तरी आरंभापासून करावे लागत नाही. बस्सीला हे महत्त्वाचे. आपल्या शेजारी चारशे किलोव्होल्टचे मोठे वीज-उपकेंद्र उभे असले, तरी आंधी आली की घरातला दिवा जावयाचा तो जातोच. रात्री दोनदा वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डिस्कचा अगदी किरकोळ भाग वगळता बाकी सर्व एका बाहेरच्या डिस्कवर उतरले होते.

मग पेटी उघडली. बारा वर्षांची राजस्थानी धूळ म्हणजे काय, हे ती पेटी उघडल्यावर कळले. प्रक्रियकावरील पंख्याच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा झाला होता. त्याखालचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळून चुन्यासारखा झालेला. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अशा वेळी प्रक्रियक तापला की तो जळू नये म्हणून आपली गती आपणच कमी करतो, आणि आपण म्हणतो, संगणक म्हातारा झाला. त्या मुलीचे वडील मदतीस आले होते. गलाईच्या कामातला बारीक चिमटा आणि धूळ फुंकण्याचे साधन त्यांनी आणले. स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, बाहेर काढल्यावर तिच्या कडेची पिवळी टोके पाहून ते म्हणाले, “हे सोनंच आहे की!” सोनेच ते, गंज चढू नये म्हणून त्याचा अतिशय पातळ मुलामा देतात. भंगारात गेलेल्या अशा पाट्या आम्लात बुडवून हे सोने काढणारे लोक आहेत, आणि त्या धुरापायी आपली फुप्फुसे गमावणारेही आहेत. सरकारचे ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, ते असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जावा म्हणून. आमच्या गलाईवाल्या बंधूंनी मात्र ते सोने काढले नाही. शाळकरी मुलाचे खोडरबर मागवून त्याने ती टोके हलक्या हाताने पुसून लख्ख केली. हाच त्यावरचा रूढ उपाय आहे.

आणखी एक क्षुल्लक दोष सापडला, तो सांगण्यासारखा आहे. गेले वर्षभर या संगणकावर इंटरनेटची पाने उघडत नाहीत अशी तक्रार होती व त्यापायी आपण दोनदा तारवाल्याशी भांडलो होतो. पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली होती, त्यामुळे संगणक दर वेळी जागा झाला की बारा-तेरा वर्षांपूर्वीची तारीख धरून बसे. हल्लीची संकेतस्थळे आपले ओळखपत्र दाखवितात व त्यावर मुदत लिहिलेली असते. चुकीच्या तारखेने पाहणाऱ्यास ती सारीच खोटी वाटतात. चाळीस-पन्नास रुपयांच्या बॅटरीने ते भांडण मिटले.

आता मुख्य दुरुस्ती. ती दोनच गोष्टींची होती, आणि त्या दोन्ही समजावयास आभानेरीची चांद बावडी पुरे आहे. येथून बांदीकुईच्या वाटेवर आपण साऱ्यांनी ती पाहिली आहे. घरातला पाण्याचा हंडा म्हणजे रॅम, आणि तळाशी पाणी असलेली बावडी म्हणजे डिस्क. जुन्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटास हजारो फेरे घेते व एक सुई तिच्यावर पुढेमागे सरकत मजकूर शोधते. प्रत्येक शोधास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. ऐकावयास हे थोडे वाटते, पण सुरू होताना संगणकास असे हजारो शोध घ्यावे लागतात, म्हणजे हजारो वेळा बावडी उतरून वर यावे लागते. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, जिला एसएसडी म्हणतात, फिरणारे काही नसते. तिच्यातील शोध त्याच्या शंभरपट लवकर होतो. दारातच नळ आल्यासारखे. आणि हंडा लहान असला की वापरात असलेले पाणीसुद्धा पुन्हा बावडीत ओतून यावे लागते; चार गिगाबाइटच्या हंड्यात आजची संकेतस्थळे मावत नाहीत, म्हणून यंत्र रडतखडत चाले.

मिर्झा इस्माईल रस्त्यावरच्या दुकानांतून आम्ही २४० गिगाबाइटची एसएसडी नवी घेतली आणि रॅमच्या चार-चार गिगाबाइटच्या दोन पट्ट्या वापरलेल्या घेतल्या. पहिल्या फेरीत पट्ट्या चुकीच्या आल्या. आपल्या यंत्रास डीडीआर-३ लागते, मिळाली ती डीडीआर-४. दोहोंची खाच निराळ्या जागी असते, म्हणून ती बसेना. ती बसत नाही हे उत्तमच, जोर करू नये, एवढे मी त्या दिवशी शिकलो. बॅटरी, लेप व तारेसह सगळा खर्च पाच हजारांच्या आत झाला. पावत्या खजिनदारांकडे आहेत.

यंत्र झाले, त्यात प्रणाली कोणती घालावयाची हा प्रश्न राहिला, आणि येथे मला थोडे थांबावेसे वाटते. लिनक्स फुकट मिळते, म्हणून पुष्कळांना ते गरिबांचे साधन वाटते. माझीही समजूत तशीच होती. वस्तुतः १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असा संकल्प सोडला की, ज्याची घडण कोणासही पाहता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्यास देता येईल अशी संपूर्ण प्रणाली तयार करावयाची. तिचे पुष्कळसे भाग झाले, पण गाभा अडून राहिला. तो १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला आणि पुढल्या वर्षी स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली जगास खुला केला. आज आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्या साऱ्यांच्या खिशात लिनक्सचा गाभा आहे. जगातील सर्वांत बलाढ्य अशा पाचशे महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार करण्याचे धोरण जाहीर केले. देशभरच्या न्यायालयांत खटल्यांच्या नोंदी ठेवणारी जी ई-कोर्ट योजनेची प्रणाली आहे, ती राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्त साधनांवर उभारली. गरिबांचे साधन म्हणावे तर असे आहे.

जयपूरच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसास मुक्त विद्येची ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सवाई जयसिंहाच्या पदरी सम्राट जगन्नाथ नावाचे मराठी पंडित होते. राजाच्या इच्छेवरून ते अरबी शिकले आणि युक्लिडची भूमिती व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ हे दोन्ही त्यांनी अरबीतून संस्कृतात आणले. ‘रेखागणित’ आणि ‘सम्राट्सिद्धान्त’ ते हेच. ग्रीकांचे ज्ञान अरबांनी घेतले, वाढविले, आपल्याकडे आले. कोणी कोणास मज्जाव केला नाही. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, मग वेध चुकतात, अशी जयसिंहाची तक्रार होती. म्हणून त्याने दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. जंतरमंतरातील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. मला त्याहून विशेष वाटते ते पुढचे. ही यंत्रे मोडकळीस आली, आणि १९०१-०२ साली गॅरेट नावाचा इंग्रज अधिकारी व पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी ती दुरुस्त केली. बांधणारे जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती, तरी हे शक्य झाले. कारण यंत्राची रचना कोणत्याही पेटीत कुलूपबंद नव्हती. शास्त्र ग्रंथांत होते आणि रेघा दगडावर होत्या.

आम्ही लिनक्स मिंट या नावाने मिळणाऱ्या संचाची हलकी आवृत्ती निवडली. २०२४ साली निघालेल्या तिच्या बाविसाव्या आवृत्तीस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिली. ध्वनी, पडदा, जाळे सारे ठीक आहे अशी खात्री झाल्यावर मग नव्या डिस्कवर बसविली. बसविण्यास अर्धा तासही लागला नाही. आता यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत जागे होते. चहा करावयास अवकाश राहत नाही, ही एक सभासदांची नवी तक्रार आहे.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र सांगणार नाही. मंडळाचे छपाईयंत्र लिनक्सला ओळखेना; त्याच्या निर्मात्याचे साहाय्यक सॉफ्टवेअर फार जुने निघाले आणि त्यापायी आमचे दोन रविवार गेले. खजिनदारांची सही चिप असलेल्या डिजिटल चावीने होते. तिची व्यवस्था अजून त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच ठेवावी लागली आहे. हिशेबाच्या काही जुन्या तक्त्यांतील स्वयंचलित सूत्रे लिब्रेऑफिसमध्ये चालली नाहीत, ती नव्याने लिहावी लागली. ज्यांचा रोजचा धंदा एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे आणि ते केवळ विंडोजवरच चालते, त्यांनी माझे ऐकून घाई करू नये. पडद्यावरील सूचना मराठीत येतात, पण मध्येच एखादी इंग्रजी डोकावते. ही भाषांतरे स्वयंसेवकांनी आणि पुण्यातील रेड हॅटसारख्या कंपनीच्या भाषा-विभागातील मंडळींनी केलेली आहेत, आणि जेथे हात पोहोचला नाही तेथे इंग्रजी राहिली. कोणास सवड असेल तर ती राहिलेली वाक्ये आपणही मराठीत करून पाठवू शकतो. तसा दरवाजा उघडा आहे.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. फाइल सापडली होती. उघडली, तर पानभर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! क्षणभर वाटले, डिस्कबरोबर हेही गेले. पण ती मोडलेली नव्हती. २००१ च्या सुमारास मराठी टंकलेखनाची जी पद्धत सर्रास होती, तिच्यात संगणकाला मराठी म्हणून काही कळतच नसे. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसविलेले असे. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की खिचडी. प्रत्येक कंपनीची चित्रे निराळ्या जागी. आपल्या घरातील जुन्या पत्रिका, कवितांच्या वह्या, वंशावळी ज्यांनी त्या काळी संगणकावर उतरविल्या, त्या साऱ्यांची आज हीच अवस्था असणार.

याहून चांगली वाट तेव्हाही उपलब्ध होती, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही एकच सामाईक संकेतावली ठरली व १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. जगातील साऱ्या लिप्यांना आपापली कायमची जागा देणाऱ्या युनिकोडने आपल्या लिप्यांची मांडणी त्याच इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. म्हणजे ‘क’ ची जागा आता कोणत्याही कंपनीच्या मर्जीवर नाही. तरीही आपल्याला काही गोष्टींसाठी थांबावे लागलेच. ‘ॲ’ हे अक्षर, ज्याच्यावाचून आपले ॲडव्होकेट आणि ॲल्युमिनियम लिहिले जात नाही, ते युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आले.

त्या मुलीने आणि मी मिळून एक कोष्टक केले : कोणत्या रोमन चिन्हामागे कोणते मराठी अक्षर. रौप्यमहोत्सवी अंकातील ती दोन छापील पाने येथे उपयोगी पडली. एका बाजूस खिचडी, दुसऱ्या बाजूस छापलेले शुद्ध मराठी, अशी दोन्ही जुळवीत गेलो. शिलालेख वाचणाऱ्यांस काय वाटत असेल याची थोडी कल्पना आली. सरळ अक्षरे दोन संध्याकाळींत जमली. अडले ते वेलांटीवर आणि रफारावर. जुन्या पद्धतीत जे डोळ्यांना आधी दिसते ते आधी साठविलेले असे, म्हणून ‘किल्ला’ या शब्दात पहिली वेलांटी क च्या आधी येई. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालते, तेथे क आधी आणि वेलांटी मागून. ‘सर्व’ मधील रफार याच्या अगदी उलट. दिसतो व च्या डोक्यावर, पण उच्चारात तो व च्या आधी. शिवाय ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आपला अर्धा र, जो हिंदीत नाहीच, त्याचे चिन्ह आम्हांस पाच दिवस सापडत नव्हते. हे सारे नियम तिने एका लहानशा कार्यक्रमात लिहिले व तो लिनक्सवर चालविला. मीही त्या निमित्ताने इनस्क्रिप्ट कळफलक शिकलो : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि सर्व भारतीय लिप्यांना तोच. आमच्या कार्यालयातील हिंदी टंकलेखक तीच पद्धत वापरतात. ‘ळ’ कोठे आहे एवढेच त्यांना मी दाखविले. ल च्याच कळीवर, शिफ्ट दाबून.

एकंदर एकतीस पाने निघाली. ती छापून वहिनींच्या घरी घेऊन गेलो. त्या चष्मा शोधू लागल्या, सापडेना, तेव्हा म्हणाल्या, “तुम्हीच वाचा हो.” पहिल्याच परिच्छेदात त्यांच्या यजमानांनी लिहिले होते ते मीटरगेजच्या गाडीने पहाटे येथे उतरल्याचे, स्टेशनाबाहेर मोर ओरडत होता त्याचे, आणि बरोबर आणलेल्या मेतकुटाचा डबा गाडीतच विसरल्याचे. वहिनी मध्येच म्हणाल्या, “डबा यांनी नाही, मी विसरले होते. यांनी माझं नाव घातलं नाही.” मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

त्या एकतीस पानांपैकी काही या स्मरणिकेत येत आहेत. बाकीच्या जुन्या फायलींपैकी चौदा वाचून झाल्या आहेत. तीन अद्याप लागत नाहीत. त्यांचा फाँट निराळा आहे आणि त्यांचे छापील पान कोणाकडे मिळत नाही. त्यांतील एक १९९८ च्या गणेशोत्सवातील नाटकाची संहिता असावी, असे फाइलच्या नावावरून वाटते. त्या नाटकात काम केलेले कोणी येथे असतील आणि आपली भाषणे अजून पाठ असतील, तर त्यांनी दर रविवारी चार ते सहा या वेळात कार्यालयात यावे. संगणक चालू असतो, आणि त्याशेजारची खुर्ची आम्ही दुरुस्त करून घेतली आहे.